बंब दारात पोहोचेपर्यंत



स्वागत समितीच्या वतीने मांजलपुरात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. 1909, 1921 आणि 1934 साली मराठी साहित्य संमेलने भरवणाऱ्या बडोद्याला पाहुणचाराची जुनी सवय आहे. आज मात्र आपण जमलो आहोत ते आपल्या घरांच्या आणि माणसांच्या सुरक्षेसाठी.

24 मे 2019 रोजी सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली. जीव वाचवण्यासाठी शिकवणीच्या वर्गातल्या मुलांनी वरून उड्या टाकल्या. 22 जणांचे प्राण गेले. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये पुन्हा तोच आकांत झाला. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला आपल्या कोयली रिफायनरीत बेन्झीनची टाकी पेटली आणि धुराचे लोट साऱ्या बडोद्याने पाहिले. दर वेळी आपण हळहळतो, दोष कोणाचा यावर बोलतो आणि घरी येऊन गॅलरीतली अडगळ तशीच ठेवतो.

जवानांच्या शौर्याबद्दल कोणाला शंका नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत आगीशी झुंजताना प्राण दिलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पण बंब दांडिया बाजारातून निघो की मकरपुरा जीआयडीसीतून, वाटेतली मिनिटे कोणालाच टाळता येत नाहीत. ती मिनिटे रहिवाशांची असतात.

आपल्याच इमारतीचा जिना डोळ्यांसमोर आणा. लाल पेटीत होजऐवजी झाडू आणि रंगाचे डबे. जिन्याखाली चार्जिंगला लावलेली स्कूटर, शेजारी जुन्या गाद्या. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते ठाऊक नाही. फाटकाशी आडवी लावलेली गाडी. बंब तिथेच अडला, तर आतल्या जवानाने काय करावे?

सयाजीराव महाराजांनी आजवा तलावाचे पाणी शहरात आणले. ते आपल्या गच्चीवरच्या टाकीत आणि आगीसाठीच्या नळात भरलेले आहे की नाही, हे पाहणे सोसायटीचे काम. पंप चालू आहे का, ना-हरकत प्रमाणपत्राची मुदत संपली का, हेही तिनेच पाहायचे. कढईतले तेल पेटले तर पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण ठेवायचे. धूर भरला तर लिफ्ट टाळून, वाकून बाहेर पडायचे. 101 ला फोन करताना जवळची ठळक खूण सांगायची. हे घरातल्या आजींपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक हवे.

अग्निशमन दलाकडूनही आमच्या अपेक्षा आहेत. तपासणी केवळ कागदावर नको. वर्षातून एकदा तरी सोसायटीत या, महिलांच्या आणि मुलांच्या हाती होज द्या, आमच्या चुका तोंडावर सांगा. आम्ही रागावणार नाही.

आजच्या चर्चेतून ठराव कितीही होवोत, माझी विनंती एकच आहे. आज घरी गेल्यावर आधी जिना मोकळा करा, गच्चीची किल्ली सर्वांना सापडेल अशी ठेवा आणि फाटकाची वाट रिकामी ठेवा. बंब येईल, त्याला आत येता आले पाहिजे.