पत्रिकेत नसलेला रकाना



मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तीत बारा बाबी तपासल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांना मात्र रकानाच नाही. ही पत्रिका पिकाच्या भुकेची विचारपूस करते, विषाची करीत नाही.

कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा यांच्या काठची काळी जमीन हे हिंगोली जिल्ह्याचे खरे भांडवल. कोणत्याही नदीत धातू येतात ते शहरी सांडपाणी, टाकाऊ बॅटऱ्या आणि धातूंना मुलामा देणारे कारखाने यांच्यामार्फत. कॅडमियम तर फॉस्फेटच्या खडकातच असते व खताच्या पोत्यातून थेट शेतात उतरते. चुनखडीयुक्त काळी माती हे धातू घट्ट धरून ठेवते आणि पिकात थोडेच जाऊ देते. हे तिचे औदार्य. पण धातू कुजत नाहीत. ते वर्षानुवर्षे साठत जातात.

याचा हिशेब बाजारात होतो. हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅम शिसे भारतीय नियमांना चालते. युरोपीय संघाने २०२१ पासून कंदवर्गीय मसाल्यांना १.५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. हळदीतील शिशाचे मोठे कारण लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाची भेसळ हे आहे, आणि ती काढणीनंतर पॉलिश करताना होते. परंतु मातीची नोंदच नसेल तर संशय वावरावर आणि पडलेला भाव उत्पादकाच्या माथी! व्यापारी नामानिराळा.

जपानमध्ये जिंझू नदीकाठी कामिओका खाणीचे कॅडमियम भातखाचरांत मुरले. माणसांची हाडे ठिसूळ झाली. रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’. १९६८ साली सरकारने कारण मान्य केले. १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयाने व १९७२ मध्ये उच्च न्यायालयाने खाण कंपनीला जबाबदार ठरविले. दूषित खाचरे दुरुस्त करण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत चालले. संघटित शेतकरी न्यायालयात उभे राहिले म्हणूनच ते झाले. खाणमालकांना उपरती झाली नव्हती.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून एवढाच ठराव आणावा: नदीकाठच्या वावरांत या तीन धातूंची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. मातीचे नमुने शहराच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे असे वेगवेगळे घ्यावेत व निष्कर्ष चावडीवर लावावेत. दोन्हींत तफावत आढळली, तर भरपाईची मागणी कोणाकडे न्यायची हे त्यावरून ठरेल.