एका संख्येची गोष्ट
(पापडी येथे ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आमचे आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासात गेले. तेव्हा उपदेशाऐवजी एक संख्याच आपणांपुढे ठेवतो. ती म्हणजे १४२८५७.

हिला दोहोंनी गुणा : २८५७१४. तिहींनी गुणा : ४२८५७१. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने, केवळ आरंभ बदलून, वर्तुळात फिरतात. सातांनी गुणताच मात्र ९९९९९९ ! यात जादू नाही. १ ला ७ ने भागत गेल्यास दशांशात १४२८५७ हेच अंक पुनःपुन्हा येतात. बाकी १ पासून निघून ३, २, ६, ४, ५ अशी उरत जाते व पुन्हा १ वर येते. सातांहून लहान एकही बाकी सुटत नाही. म्हणून २ ला भागा वा ५ ला भागा, आपण त्याच वर्तुळात निराळ्या दाराने शिरतो, इतकेच.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज घ्या. मूळ संख्या परत हाती येते. लहान उदाहरण ४५ चे : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना जगभर ‘काप्रेकर संख्या’ म्हणतात.

हे दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर १९०५ साली डहाणूस, म्हणजे आजच्या आपल्याच पालघर जिल्ह्यात जन्मले. वसई रोडला गाडीत बसले की डहाणू फार दूर नाही. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांचा छंद कित्येकांनी पोरखेळ मानला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विख्यात विज्ञान-मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर गेली. १९८६ साली ते निवर्तले.

आता एक कबुली. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाने हाच भागाकार वहीची दोन पाने भरेपर्यंत चालविला होता. आम्ही उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंतच मागितले होते. आम्ही ती पाने फाडली. “गुरुजी, अंक परत येतात हो,” असे तो म्हणाला. आम्ही ऐकले नाही. पुढे त्याने प्रश्नाबाहेरचा एक अंकही कधी वहीत लिहिला नाही. काप्रेकरांचे चरित्र आम्ही वाचले ते त्यानंतर.

आजची पारितोषिके टक्क्यांवरून ठरली, ते योग्यच आहे. परंतु पुढील वर्षापासून एक पारितोषिक, कोणी न सांगता स्वतः काही शोधून काढणाऱ्या बालकास द्यावे, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. त्याचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. आणि पालकहो, आपले मूल वहीच्या शेवटच्या पानावर आकड्यांशी खेळताना दिसले, तर ते पान फाडण्यापूर्वी एकदा वाचून पाहा.