मानसशास्त्राची पहिली यत्ता



घरातली मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली आणि तिने सायकॉलॉजी, म्हणजे मानसशास्त्र, घेतले असे कळले की आजीचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तू वेड्यांची डॉक्टर होणार का गं?" शेजारीण विचारते, "मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय आहे?" दोघींनाही उत्तर एकच. नाही! मग त्या वर्गात शिकवतात तरी काय, ते आज पाहू.

आपली म्हैसच घ्या ना. सकाळी गोठ्याशी बालदीचा आवाज झाला की ती पान्हवते. अजून कुणी सडाला हात लावलेला नसतो. बालदीच्या आवाजात दूध उतरवण्याची शक्ती थोडीच आहे? पण रोज आधी आवाज, मग धार, असे होत गेल्याने आवाजच पुरेसा होतो. रशियात पावलॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग करून, त्यांची लाळ थेंबाथेंबाने मोजून, हीच गोष्ट सिद्ध केली. गवळ्याला ती ठाऊक होतीच. पावलॉव्हने ती मोजली, आणि आवाजामागून अन्न देणे बंद केले तर ही सवय हळूहळू सुटते, हेही दाखवले. पहिल्या वर्षाचा निम्मा धडा इथेच आहे. ठाऊक असलेली गोष्ट मोजून पाहायची.

या मोजण्याची सुरुवात म्हणून १८७९ हे साल सांगतात. त्या साली जर्मनीत लाइपझिग येथे वुंट यांनी प्रयोगशाळा काढली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. बाकी सनावळी परीक्षेपुरती.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. खर्च चार रंगीत खडूंचा. फळ्यावर 'लाल' हा शब्द हिरव्या खडूने लिहा, 'पिवळा' निळ्याने, 'हिरवा' लाल खडूने, असे वीस शब्द लिहा. शेजारी त्याच रंगांचे वीस नुसते ठिपके काढा. आता चौथीच्या मुलाला सांगा, शब्द वाचायचा नाही, खडूचा रंग सांगायचा. ठिपक्यांचे रंग तो भराभर सांगेल. शब्दांपाशी आला की अडखळेल, हसेल, पुन्हा अडखळेल. घड्याळ लावलेत तर फरक डोळ्यांना दिसेल. मग ज्याला अजून वाचता येत नाही अशा पहिलीच्या मुलाला उभे करा. तो शब्दांपाशी तसा अडणार नाही! वाचन अंगवळणी पडले की ते थांबवू म्हटले तरी थांबत नाही. अमेरिकेतल्या स्ट्रूप यांनी हा प्रयोग १९३५ साली प्रसिद्ध केला.

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहू लागले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. त्या आगरी-कोळी घरांतली नातवंडे आता कॉलेजात जातात. वाशीला रयत शिक्षण संस्थेचे कॉलेज १९७९ साली निघाले. अशा घरातला मुलगा पुस्तकात 'ताण' हा धडा वाचतो, तेव्हा त्याला आजोबा आठवले तर नवल नाही. मात्र इथे एक सावधगिरी हवी. जमिनीचा भाव कमी मिळाला म्हणून माणूस चिडला, तर तो मनाचा आजार नव्हे. नवशिक्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांत जो तो रोगी दिसू लागतो. काका 'डिप्रेशन'चे, मावशी 'फोबिया'ची! ही खोड शिक्षकांनी वेळीच मोडावी.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांची अडचण वेगळी. पुस्तके बहुतेक इंग्रजी, आणि शब्द अंगावर येतात. 'अटेन्शन' म्हणजे आपले अवधान, कीर्तनात रोज ऐकलेले. 'लर्निंग' म्हणजे अध्ययन. 'रीइन्फोर्समेंट'ला प्रबलन म्हणतात. हा शब्द जरा जड आहे खरा, पण बैलाला काम झाल्यावर पेंड दिली की तो समजतो. मुलाने आधी मराठीत समजून घ्यावे आणि मग इंग्रजी शब्द पाठ करावा. उलट केले की दोन्ही जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि गणित सुटले म्हणून हा विषय घेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, की पुढे सरासरी, मध्यक, बहुलक वाट पाहत बसलेले असतात.

हे शास्त्र अभ्यासालाही लावता येते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे, शंभरात ८१ विरुद्ध ७५. आठवड्याने पाहिले तर पारडे फिरले. लिहिणाऱ्यांना ५६ आठवले, वाचणाऱ्यांना ४२. रात्रभर पुस्तक डोळ्यांपुढे धरून बसणाऱ्या मुलाला आणि त्याला चहा करून देणाऱ्या आईला हे आकडे सांगायला हवेत.

राहता राहिला आजीचा प्रश्न. पदवीच्या पहिल्या वर्षाने कुणी उपचार करणारा होत नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला पुढचे विशेष शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टरकी शिकलेला असतो. तेव्हा गावात कुणाची झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर कॉलेजातल्या मुलीला पुढे करू नये. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवला तरी चालेल.