माडीचं वजन

चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी आमचं घर. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. २६ जुलै २००५ चा पूर ओसरल्यावर अब्बांनी भिंतीवर कोळशाने रेघ मारली. म्हणाले, "एवढं पाणी आयुष्यात एकदाच येतं." २२ जुलै २०२१ ला ती रेघ बुडाली. आदल्या दिवशी बकरी ईद झालेली. अब्बा तेव्हा नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या अम्मीला आम्ही टेबलावर स्टूल ठेवून पोटमाळ्यावर चढवली. कौलं डोक्याला लागत होती. ती दिवसभर अन् रात्रभर तशीच वाकून बसली.

माडी बांधायची हे त्या रात्रीच ठरलं. कशी, यावर मात्र दोन वर्षं वाद चालला.

कंत्राटदार म्हणाला, "कवीसाहेब, स्लॅब टाका, चिंता मिटली." मी बी.ए.ला मराठी घेतलेलं, मला काय कळणार? आर्किटेक्ट पुतण्याने हिशेब मांडला. पाच इंची स्लॅबचा एक चौरस फूट सुमारे २९ किलो भरतो. "चाचा, जांभा भिजला की त्याची ताकद उतरते. म्हणजे पूर आला की भिंत दुबळी होणार, आणि नेमकं तेव्हाच सगळं घर वर चढणार." दोन वर्षांत इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

काठच्या घराला आधी पूररेषा बघाव्या लागतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. हा सरासरीचा हिशेब. आमच्या भिंतींनी सोळा वर्षांत दोन पूर बघितले. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांचं पाणी उतरतं, खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की पुराचा निचरा अडतो. नदीला आमच्या रेघा ठाऊक नाहीत, अब्बांचीही नव्हती.

शेवटी स्वतंत्र पायावर लोखंडी खांब उभे केले. माडीचा भार जुन्या भिंतींवर नाही. जमीन लाकडी, वरच्या भिंतीही फळ्यांच्या. छपराचे जुने वासे उतरवून ठोकून पाहिले. वाळवी न लागलेले पुन्हा वापरले. कौलंही तीच, फुटली तेवढी नवी. वळचण तीन फूट पुढे काढली, म्हणजे पावसाची झड खालच्या जांभ्यावर येत नाही. समोरासमोर खिडक्या ठेवल्या, त्यामुळे मे महिन्यातही दुपारी पंखा क्वचितच लागतो.

पिण्याच्या पाण्याची टाकी, संडास आणि विजेचा बोर्ड वर नेला. पुरात माणसाला भुकेआधी संडासाची अडचण होते, हे कुणी बोलत नाही. नदीकडच्या सज्जाला कठड्यात उघडणारं दार आहे. होडी थेट तिथे लागावी म्हणून. जिना बाहेरून, पायरी सहा इंचांचीच. मोजमाप अम्मीच्या गुडघ्यांचं.

माझ्या कवितांच्या वह्या २०२१ मध्ये लगदा झाल्या. आता त्या वर असतात. थोरला भाऊ मात्र अजून कुरकुरतो, "स्लॅब असता तर आणखी एक मजला चढला असता."

अम्मी एरवी खालीच झोपते. जून लागला की तिचा जानमाज आणि औषधांचा डबा वर जातो. खालच्या भिंतीला रंग काढताना रेघेवर हात फिरवू नका, असं रंगाऱ्याला तिने बजावलं होतं. रेघ आहे अजून.