मूठ कोणाची, हे विचारू नका



प्राथमिक शाळेत आनंद बाजार भरतो, मुले भेळ-सरबत विकतात, पालक कौतुकाने विकत घेतात, गल्ला मोजला जातो. येथवर सारे छान! पण मग गरीब मुलाला व्यासपीठावर बोलावून सर्वांसमक्ष गणवेश देतात, फोटो काढतात, ते मला पटत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कितीतरी मुले हंगामात आई-बापाबरोबर गाव सोडतात. परत आल्यावर त्यांनी वर्गात 'मदतीचा मुलगा' म्हणून का बसावे?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र जेवत. त्यांच्यासाठी कर्मवीरांनी मुष्टिफंड काढला. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, ते गोळा करून मुलांची भाकरी व्हायची. त्या राशीत श्रीमंताची मूठ कोणती, गरिबाची कोणती, कोण ओळखणार? मोलमजुरी करणारी बाईसुद्धा त्यात दाती ठरते.

आपल्याकडे आणखी एक दक्षता हवी. जकातीचा पैसा वेगळा ठेवा. बचतीतला तो अडीच टक्के हिस्सा गरजूंचा हक्क आहे. बहुतेक उलेमांच्या मते त्यातून शाळेची भिंत बांधता येत नाही. भिंतीसाठी, पंख्यासाठी इमदाद मागा, आणि ती खुशाल लाउडस्पीकरवरून मागा.

गणवेश मात्र शाळा सुटल्यावर आईच्या हाती द्या. जमाखर्च फळ्यावर लावा, पै न् पै लावा; घेणाऱ्यांची नावे त्यात नकोत.