त्रेसष्ट की छत्तीस?



संयोजकांनी मला ‘शिक्षणाची अ‍ॅप्स’ हा विषय दिला. मी सॉफ्टवेअरवाली, तेव्हा आता अ‍ॅपचं कौतुक ऐकावं लागणार अशी तुम्ही तयारी ठेवली असेल. मला बोलायचंय ते शिक्षकांबद्दल.

दुसरीतलं मूल ‘त्रेसष्ट’ ऐकतं आणि ३६ लिहितं. अ‍ॅप लाल फुली मारून पुढचं गणित देतं. बाई मात्र लगेच ओळखतात. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, साठ नंतर. मुलानं ऐकलं तसंच उतरवलं. त्यानं ६२ लिहिलं असतं तर चूक वेगळी, उपायही वेगळा. हा फरक प्रोग्रामला कोणीतरी सांगावा लागतो, आणि ते काम वीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईंचं. त्यांनी सांगितलं, की आम्हाला तो घालायला एक दुपार पुरते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? विनोदांचा नुसता पाऊस! गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम जुळला तर मुलांना सोपं जातं. उपाय पटो न पटो, मूल अडतं कुठे ते त्यांनी नेमकं दाखवलं.

क्यूआर कोडचंही तसंच. १९९४ मध्ये जपानमध्ये तो निघाला मोटारींच्या सुट्या भागांसाठी. पुस्तकातल्या धड्याला तो जोडून मुलांपर्यंत नेला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं.

आता आपलं थळ घ्या. घरात चांगला फोन एकच, तो बाबांबरोबर होडीवर खांदेरीपलीकडे गेलेला. संध्याकाळी हाती आला की तिघं भावंडं त्यावर तुटून पडणार. म्हणजे अ‍ॅप नेटशिवाय चाललं पाहिजे, तिघांचा अभ्यास वेगळा ठेवला पाहिजे आणि दहा मिनिटांत धडा संपला पाहिजे. पुण्यात एसीत बसून हे कोणाला सुचणार?

पण शिक्षकांना बोलावतात केव्हा? अ‍ॅप तयार झाल्यावर, ‘प्रशिक्षणाला’. चहा, बिस्किटं, प्रमाणपत्र. माझ्या मते त्यांना पहिल्या दिवशी बोलवावं, आणि इंजिनिअरसारखं मानधनही द्यावं.

निवृत्त झालेल्या बाई-सरांकडे एक मागणं आहे. मुलं कोणत्या चुका करायची, आणि का, ते मला सांगा. जेवणानंतर मी व्हरांड्यात वही घेऊन बसणार आहे. पहिलं पान भागाकाराचं ठेवलंय.