नाहींशा झालेल्या शिपायाचा शोध

आष्टी म्हटलें कीं वर्धा जिल्ह्यांतील माणसाला १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आठवतो. त्या दिवशीं देह ठेवणारांची स्मृति गांवानें इतकी जपली कीं आष्टीच्या नांवापुढें 'शहीद' हें पद कायमचें जडलें. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र ज्यांची स्मृति कोणींच जपली नाहीं अशा माणसांविषयीं. म्हणजे पहिल्या महायुद्धांत परमुलखांत नाहींशा झालेल्या आपल्या शिपायांविषयीं.

मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, कूत येथें ७ डिसेंबर १९१५ पासून इंग्रजी फौजेला तुर्कांचा वेढा पडला. आंत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न सरलें आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. कैद्यांना वाळवंटांतून पायीं नेण्यांत आलें. कित्येक जण रेल्वेच्या कामावर राबतां राबतां मेले. पुढें १९२९ मध्यें बसऱ्यास भव्य स्मारक झालें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं गेलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी. या भेदाबद्दल राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानें २०२१ मध्यें जाहीर क्षमा मागितली.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधु त्याच मुलखांत गेले ते परतले नाहींत. मृत्यूची तिथि ठाऊक नसल्यानें त्यांचें श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होई. पणजी त्या दिवशीं पानावर बसत नसे. मुलगा गेल्याचें आपणांस कोणीं लिहून कळविलें आहे काय, असें ती विचारी. आणि त्यावर कोणापाशींच उत्तर नसे.

असा शोध घेऊं इच्छिणारांनीं प्रारंभ घरांतूनच करावा. जुन्या पदकाची कडा उजेडांत पाहावी. तीवर क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण बारीक अक्षरांत असतात. नुसत्या क्रमांकावर विसंबूं नये, कारण प्रत्येक पलटणीचे क्रमांक निराळे चालत. १९२२ मध्यें पलटणींचीं नांवेंही बदललीं: १०३, ११० व ११७ या पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमें पहिली, तिसरी व पांचवी बटालियन झाल्या. या रेजिमेंटचें केंद्र बेळगांवीं आहे. आयोगाच्या नोंदवह्यांत पुष्कळदां शिपायाच्या बापाचें नांव व गांवही आढळतें. या नोंदी आतां संगणकावरही पाहतां येतात. मात्र आपलीं नांवें रोमन लिपींत कशींही लिहिलेलीं असतात, म्हणून उच्चाराच्या चार-पांच तऱ्हा करून पाहाव्या.

गांवाच्या बाबतींत तर विशेष सावध राहावें. आष्टी बीड जिल्ह्यांत आहे, गडचिरोलींतही आहे. आमची आष्टी त्या काळीं आर्वी तहशिलींत, मध्यप्रांतांत होती. आमच्या आजोबांच्या बंधूंची नोंद सांपडली तींत आडनांव नव्हतें. बापाचें नांव व तहशील जुळली म्हणूनच ओळख पटली. तारीख मिळाली, पंचांगावरून तिथि काढली, आणि शंभर वर्षांनंतर त्यांचें श्राद्ध त्यांच्या तिथीला झालें.

सरकारी वहींत क्रमांक राहतो. पण तो क्रमांक कोणाचा हें सांगणारे धागे, म्हणजे बापाचें नांव, जुनी तहशील, घरांतील हांक मारण्याचें नांव, हे वृद्धांच्या आठवणींतच असतात. ते वृद्ध एकेक करून जात आहेत. तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरीं असें कोणी वडील माणूस असेल तर आजच त्यांच्यापाशीं बसा आणि तें सारें लिहून घ्या.